बाहुलीघरे व भातुकली : संग्रह आणि मांडणी

नांदत्या घराची सर्व सामग्रीनिशी केलेली लहान प्रतिकृती म्हणजे बाहुलीघर. त्यातील पलंग, खुर्च्या, कपाटे, भांडीकुंडी इ. वस्तू घराच्या प्रमाणात घडविलेल्या असतात. पाश्चात्त्य देशांत अशी जुनी घरे व त्यांतील मूळ सामान जमविणे, त्यांचा काळ ठरविणे आणि ती मांडून दाखविणे हा विसाव्या शतकात एक स्वतंत्र छंद बनला व पुढे संग्रहालयांनीही त्याची दखल घेतली. महाराष्ट्रात या प्रकाराचे सर्वांत जवळचे रूप म्हणजे भातुकली. मात्र दोहोंत एक मूलभूत भेद आहे. यूरोपात घर टिकले व त्यातील सामान पांगत गेले. महाराष्ट्रात सामान टिकले, पण त्याला कायमचे घर असे कधी नव्हतेच. येथील संग्राहकापुढील बहुतेक अडचणी या भेदातून उद्‌भवतात.

यूरोपातील आरंभीची बाहुलीघरे मुलांसाठी नव्हती. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्ट याने १५५७–५८ मध्ये म्यूनिक येथे असे एक घर करविले. ते पुढे आगीत नष्ट झाले. तथापि १५९८ मध्ये केलेली त्याची यादी शिल्लक असल्याने त्यात काय होते, हे आजही सांगता येते. न्यूरेंबर्ग येथील संग्रहालयात १६३९ सालचे एक बाहुलीघर जतन केलेले आहे. ॲम्स्टरडॅमच्या पेट्रोनेला ओर्टमान हिने १६८६ ते १७१० या काळात सजविलेले कपाटवजा घर तेथील राष्ट्रीय संग्रहालयात असून, याकोब आपेल या चित्रकाराने त्याचे चित्रही काढले आहे. चित्रात दिसणाऱ्या बहुतेक बाहुल्या आता उरलेल्या नाहीत. त्या होत्या व कोठे होत्या हे कळते, ते चित्रामुळेच. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांत ही घरे तयार होऊ लागली. त्यांत जर्मनीतील मारीएनबेर्क येथील गॉटशाल्क यांची छापील कागद चिकटविलेली घरे संग्राहकांना विशेष परिचित आहेत. त्यांची आरंभीची छपरे निळी व नंतरची तांबडी असत. त्यावरून कालनिश्चितीस मदत होते. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१–२४ मध्ये बांधलेले, विंझर येथील घर एकास बारा या प्रमाणात आहे. हेच प्रमाण पुढे संग्राहकांत रूढ झाले.

अशा घरांच्या बाबतीत ‘मूळ’ या शब्दाला नेमका अर्थ असतो. भिंतीवरचा कागद, रंगाचा पहिला थर व घराबरोबरच आलेले सामान जागेवर असले, तर ते घर मूळ स्थितीत आहे असे समजतात. पुन्हा रंगविलेले घर कितीही देखणे दिसले, तरी अभ्यासाच्या दृष्टीने त्याचे मोल उणावते.

भातुकलीला हा निकष जसाच्या तसा लावता येत नाही. तिच्यात जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, चूल, शेगडी, बंब, घंगाळ, हंडा, कळशी, परात, सोऱ्या, किसणी, विळी, पोळपाट-लाटणे असा स्वयंपाकघराचा बहुतेक सर्व पसारा असतो. पितळ व तांब्याची भांडी तांबट-कासार करीत, दगडी वस्तू पाथरवट करीत. लाखेच्या रंगांची लाकडी भातुकली सावंतवाडी येथे होते. बाहुला-बाहुलीचे लग्न हा खेळाचा कळस असला, तरी ही भांडी बाहुलीच्या मापाची नसतात, ती मुलीच्या बोटांच्या मापाची असतात. जात्यात थोडेफार पीठ निघावे, चुलीवर मूठभर भात शिजावा, ही अपेक्षा असे. त्यामुळे एकाच संचात बोटभर उंचीचा बंब व त्याहून मोठी कढई शेजारी नांदतात. प्रमाण चुकले असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण प्रमाण हा येथे हेतूच नव्हता. घर मात्र पडवीतला कोपरा, भिंतीतला कोनाडा किंवा अंगणात खड्यांनी आखलेल्या चार ओळी एवढेच असे व संध्याकाळी ते मोडले जाई.

वऱ्हाडात हे अधिकच स्पष्ट दिसते. अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, अकोट या कापूस-ज्वारीच्या मुलखात मुलांची खेळणी पुष्कळदा शेतातच तयार होत. ज्वारीच्या धांड्याची साल काढून तिच्या चिरफळ्या आतील भेंडात खोचल्या, की बैलगाडी, खाट, तिफण काहीही उभे राहते. भुलाबाईच्या उत्सवातही हेच साधन वापरतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई व भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती मांडून गाणी म्हणतात आणि अखेरीस धांड्यांचा मखर उभारून त्यात त्यांना बसवितात. मखर काही पूजेपुरते बाहुलीघर नव्हे, परंतु दरवर्षी नव्याने उभारावयाचे लहान घर ही कल्पना त्यातही आहे. धांड्यांची खेळणी अर्थातच टिकत नाहीत. म्हणून जुन्या घरांतील फडताळांत धातूची व दगडाची भातुकली तेवढी सापडते व तिच्यावरून खेळाची कल्पना केली, तर ती अपुरी ठरते.

मांडून दाखविण्याची रीतही येथे पूर्वापार आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पायऱ्यापायऱ्यांची आरास करून तीवर खेळणी, बाहुल्या व भातुकली ठेवतात. ज्येष्ठा गौरींना वऱ्हाडात महालक्ष्म्या म्हणतात. त्यांच्यापुढेही अशी मांडणी करतात. दक्षिणेत नवरात्रात मांडला जाणारा बाहुल्यांचा गोलू याच जातीचा. अशा आरासीमुळे भातुकली वर्षातून एकदा तरी पेटीबाहेर येई, मोजली जाई व पुन्हा सांभाळून ठेवली जाई.

वाडे मोडले, कुटुंबे विभागली आणि हा क्रम अनेक ठिकाणी तुटला. जुने पितळ मोडीत घालून नवे भांडे घेण्याची रीत सर्वत्र आहे. भातुकलीची भांडी वजनाला हलकी असल्याने मोडीत त्यांचे जेमतेम काही पैसे येत, तरीही त्यांतील पुष्कळशी अशीच वितळली. अशा नित्याच्या वस्तूंकडे प्रथम गंभीरपणे पाहणाऱ्यांत ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचे नाव घ्यावे लागते. अकाली निधन पावलेला मुलगा राजा याच्या स्मरणार्थ उभारलेला आपला संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्याच्या या संग्रहालयात दिवे, अडकित्ते व भांडी यांबरोबर खेळणीही आहेत. पुण्यातीलच विलास करंदीकर यांनी केवळ भातुकलीचा मोठा संग्रह करून त्याची प्रदर्शने भरविली.

संग्राहकांचा कल साहजिकच प्रकारवार मांडणीकडे असतो : सर्व जाती एका ओळीत, सर्व बंब दुसऱ्या ओळीत. घडणीतील फरक त्यामुळे चटकन ध्यानात येतात. परंतु एका घरातून आलेला संच असा फोडला, की तो पुन्हा जुळत नाही. भातुकली एका दिवशी विकत घेतलेली क्वचितच असते. आजीचे तांब्याचे घंगाळ, आईची ॲल्युमिनियमची पातेली व मुलीचा प्लॅस्टिकचा कप अशी ती वाढते. कालनिश्चितीसाठी या मिश्रणाचाच उपयोग होतो. ॲल्युमिनियमची भांडी भारतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होऊ लागली. दाबाचा रॉकेल स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ मध्ये निघाला. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत १९५५ च्या सुमारास आला. संचात यांपैकी ज्याची प्रतिकृती असेल, तिच्यावरून निदान ती वस्तू अमुक सालापूर्वीची नाही, एवढे ठरते. तेव्हा जुन्या पितळेतून प्लॅस्टिकचा कप ‘शोभत नाही’ म्हणून काढून टाकणे ही चूकच होय.

जतनाच्या बाबतीत सर्वाधिक हानी हौसेने होते. चिंच किंवा बाजारी पूड लावून घासल्याने पितळ उजळते, पण तांबटाच्या हातोडीच्या खुणा व आतील जुनी कल्हई झिजते. नव्याने कल्हई तर करूच नये. लाखेच्या लाकडी वस्तूंना वऱ्हाडातील कडक उन्हाळ्याने तडे जातात, तर पावसाळ्यात वाळवीचे भय असते. त्या भिंतीपासून दूर, काचेच्या कपाटात, थेट ऊन लागणार नाही अशा ठिकाणी ठेवतात. प्रदर्शनासाठी नवे लाकडी घर बांधून त्यात जुनी भातुकली मांडण्याची पद्धत पाहणाऱ्यांना आवडते. तसे केल्यास घर नवे असल्याचे पाटीवर लिहावे. अन्यथा असे घर पूर्वी होते, असा समज होतो. यादी करताना वस्तूचे माप व धातू यांबरोबर ती कोणत्या गावची, कोणाच्या माहेरची, खेळ कोठे मांडत, हेही खेळलेल्या बाईंकडून विचारून लिहावयास हवे. ज्या पेटीत, डब्यात वा कापडी पिशवीत भातुकली ठेवलेली असते, ती विक्रेते सहसा फेकून देतात. तीवर कधी नाव, कधी साल लिहिलेले आढळते. म्हणून संचाबरोबर तिचीही नोंद करून तिला तोच क्रमांक देतात.