शेपटी सरळ आहे ना?

१९६०च्या आसपास न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर काही घरांत नळाखाली पेला धरला की प्यायच्या पाण्यावर फेस जमायचा. जर्मनीत नद्यांवर फेसाचे ढीग साचत होते. कपडे धुऊन झाले, पाणी मोरीतून गेलं, जमिनीत मुरलं, विहिरीत झिरपलं, तरी फेसाळण्याची त्याची खोड काही जात नव्हती.

कारण सापडलं रेणूच्या शेपटीत. डिटर्जंटच्या रेणूचं डोकं पाण्याला धरून राहतं आणि कार्बन अणूंची लांब शेपटी तेलकट मळात घुसते. पाण्यातल्या जिवाणूंना ही शेपटी म्हणजे खाद्यच. ते टोकापासून सुरुवात करतात आणि दोन-दोन कार्बन तोडत पुढे सरकतात. (आपण खाल्लेल्या तुपाचंही आपल्या पेशींत असंच होतं!) पण त्या काळच्या डिटर्जंटच्या शेपटीला जागोजाग फाटे होते आणि फाटा आला की जिवाणू अडायचे. पश्चिम जर्मनीनं १९६१मध्ये कायदा केला, १९६४मध्ये तो लागू झाला. अमेरिकी कंपन्यांनीही १९६५पर्यंत सरळ शेपटीचे रेणू आणले. फेस ओसरला.

गंमत अशी, की फाटेवाला रेणू खनिज तेलातला आणि सरळ शेपटीवालाही खनिज तेलातलाच. ती सरळ शेपटी चक्क केरोसिनमधून काढतात! आपल्या धुण्याच्या पावडरींत आजही हाच रेणू सर्रास असतो. घरी लिक्विड बनवून विकणारे त्याला ‘ॲसिड स्लरी’ म्हणून ओळखतात. जिवाणू रेणूचं कूळ विचारत नाहीत, घडण बघतात.

आता बाटलीवरचं ‘वनस्पतिजन्य’ वाचा. भांड्यांच्या लिक्विडात किंवा शाम्पूत असणारं सोडियम लॉरिल सल्फेट खोबरेलापासून बनतं, पामच्या बियांच्या तेलापासून बनतं आणि खनिज तेलापासूनही बनवता येतं. रेणू तोच. फरक पाहायचाच तर कार्बनच्या अणूंत पाहावा लागतो : ताज्या वनस्पतीत किंचित किरणोत्सारी कार्बन-१४ असतो, खनिज तेलातला मात्र कोट्यवधी वर्षांत विरून गेलेला असतो. पुरातत्त्वज्ञ जुन्या लाकडाचं वय ज्या युक्तीनं काढतात, त्याच युक्तीनं साबणातला वनस्पतीचा वाटा मोजता येतो. ही मोजणी खरी असेलही. पण ती माल कुठून आला एवढंच सांगते. मोरीतून गेल्यावर तो कसा वागेल, हा प्रश्न वेगळाच राहतो. आणि पामची लागवड जंगल तोडून झाली असेल, तर ‘कुठून आला’ हेही फारसं मिरवण्यासारखं नाही.

‘नैसर्गिक’ची तर आणखीच कथा. रिठ्याचा फेस सॅपोनिनमुळे येतो, आणि सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असतं. अशी फळं-मुळं ठेचून डोहात टाकायची आणि गुंगलेले मासे पकडायचे, ही रीत जगात अनेक ठिकाणी आहे. आपल्याकडे त्यासाठी गेळाचं फळ वापरत. रिठा वापरू नका, असं मी म्हणत नाही. पण निसर्गातलं म्हणजे निरुपद्रवी, हे माशाला सांगून पाहा.

राहिलं ‘बायोडिग्रेडेबल’. यामागे खरी चाचणी असू शकते. ‘सहज विघटनशील’ ठरायला प्रयोगशाळेतल्या एका नेहमीच्या चाचणीत २८ दिवसांत पदार्थाचं किमान ६० टक्के विघटन दिसावं लागतं. उरलेल्यातला बराचसा कार्बन जिवाणूंच्याच शरीरात गेलेला असतो, म्हणून १०० टक्क्यांचा आग्रह नसतो. पण या चाचणीत भरपूर ऑक्सिजन असतो. आपल्या नाल्यांत तो कुठला? ऑक्सिजनवाचून सरळ शेपटीचा तो केरोसिनचा रेणूसुद्धा जवळपास तसाच पडून राहतो. आळंदीला इंद्रायणी फेसाळते ती प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्यामुळे; तिथे लेबलावरचा शब्द काय कामाचा?

काही दावे तर खरे असूनही फसवे. हातानं भांडी घासायच्या लिक्विडावर ‘फॉस्फेटमुक्त’ लिहितात. फॉस्फेट मुख्यतः कपड्यांच्या आणि डिशवॉशरच्या पावडरींत घालत, या लिक्विडात ते एरवीही सहसा नसतंच. स्प्रेवरचं ‘सीएफसीमुक्त’ तसंच. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ओझोन थर विरवणारे हे सीएफसी वायू टप्प्याटप्प्यानं बंदच झाले.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४मध्ये अशा दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’ असं मोघम लिहायचं तर पुरावा हवा आणि तो ग्राहकाला पाहता आला पाहिजे, क्यूआर कोडवरून का होईना. तेव्हा बाटली उलटी करा आणि शोधा : विघटन किती, किती दिवसांत, कुठल्या चाचणीत? दावा बाटलीचा की आतल्या मालाचा? सरकारी इकोमार्कचं मातीचं मडकं १९९१पासून आहे आणि साबण-डिटर्जंटनाही ते मिळू शकतं. दुकानात ते कितीदा दिसतं, ते मात्र तुम्हीच बघा. आणि हो, हिरवा रंग किंवा झाडापानांचं चित्र निव्वळ सजावटीपुरतं असेल, फसवत नसेल, तर ही तत्त्वं त्याला हात लावत नाहीत.