झाड लावा… 17 सेंटिमीटरचं!

फ्लॅट बघायला साइट ऑफिसात गेलात की पहिल्यांदा काय दाखवतात? काचेच्या पेटीतलं मॉडेल. इवल्याशा बिल्डिंगा, निळाशार स्विमिंग पूल, शेंगदाण्याएवढ्या गाड्या आणि चोहीकडे हिरवंगार. आपण आपला टॉवर शोधतो, बाल्कनी शोधतो, मनातल्या मनात ईएमआय मोजतो. झाडांकडे बघतंय कोण! पुढच्या वेळी जरा बघा. मॉडेल 1:100च्या प्रमाणात असेल आणि त्यावरचं झाड 12 सेंटिमीटर उंच असेल, तर खऱ्या आयुष्यात ते होतं 12 मीटर. म्हणजे चार मजली! पझेशनच्या दिवशी मात्र तिथे बांबूला बांधलेलं कमरेएवढं रोप उभं असतं. मॉडेलवाल्याने तुम्हाला पंधरा-वीस वर्षांनंतरची बाग आजच विकलेली असते. आणि ती झाडं तरी कशी? खाली काडी, वर स्पंजचा हिरवा गोळा. थोडक्यात, लॉलीपॉप.

या लॉलीपॉपची मनापासून चीड असणारी एक जमात जगभर आहे. ती म्हणजे मॉडेल रेल्वेवाली मंडळी. जर्मनीत हॅम्बुर्गला 2001 साली सुरू झालेलं ‘मिनिएचर वंडरलँड’ बघायला लोक गाड्यांसाठी जातात, पण तिथे लाखाहून जास्त झाडंही आहेत. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला 1998 साली जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम उघडलं, एका माणसाच्या छंदातून. शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी कित्येकांनी तिथे काचेला नाक लावलेलं असेल.

खरं सांगायचं तर मराठी माणसाला हे नवीन नाहीच. दिवाळीतला किल्ला आठवा. मातीवर हळीव नाहीतर मोहरी पेरायची, पाणी मारायचं आणि चार दिवसांनी महाराजांचे मावळे गुडघाभर जंगलात उभे! फरक एवढाच, की किल्ल्यावर प्रमाणाची पर्वा कोणी करत नाही आणि इथे सगळा खेळच प्रमाणाचा आहे.

गणित सोपं आहे. मॉडेल रेल्वेत सगळ्यात चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, 1:87. रस्त्यावरचं 15 मीटरचं झाड त्यात होतं साधारण 17 सेंटिमीटर. टेबलावर ते इतकं मोठं वाटतं की नवखे लोक हमखास अर्ध्या उंचीचं करतात आणि मग इंजिनाच्या शेजारी वडाऐवजी तगर उभी राहते. कडुलिंबाचं 7 सेंटिमीटरचं पान या प्रमाणात एक मिलिमीटरही भरत नाही. म्हणजे पानं करायचीच नाहीत. करायची ती पानांची भुकटी.

तयार झाडं मिळत नाहीत का? मिळतात की. ऑनलाइन पाकिटंच्या पाकिटं. पण त्यात बहुतेक पाइन, फर आणि परदेशी ओक. खंडाळ्याच्या घाटातून डेक्कन क्वीन चाललीय आणि दोन्ही बाजूंना स्वित्झर्लंड! गुलमोहर, पिंपळ, रेन ट्री पाहिजे असेल तर स्वतः हात काळे करावे लागतात. आणि इथेच खरी गंमत सुरू होते.

32 तारांचं झाड

इलेक्ट्रिकच्या दुकानातून मल्टिस्ट्रँड वायर आणा आणि वरचं प्लॅस्टिक सोलून टाका. आतल्या अर्ध्या मिलिमीटरच्या 32 तारा एकत्र धरून खालच्या भागाला पीळ द्या. हे खोड. मग जुडगा 16-16 मध्ये फोडा, पुन्हा पीळ, पुन्हा 8-8, असं करत शेवटी एकेक तार सुटी. लिओनार्दो दा विंचीने आपल्या वहीत नोंदवून ठेवलं होतं, की एका उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र बांधल्या तर त्यांची जाडी खोडाएवढी भरते. तारेच्या झाडात हा नियम आपोआप पाळला जातो, कारण खोडातली प्रत्येक तार कुठल्या ना कुठल्या फांदीत जातेच. म्हणून असं झाड पानं नसतानाही झाड दिसतं. काडीला फांद्या चिकटवलेलं झाड तसं कधीच दिसत नाही, कितीही महागाचा डिंक वापरा.

समान दोन भाग करू नका मात्र. कुठलंच झाड इतकं शिस्तीत वाढत नाही. 20-12 करा, एखादी फांदी तोडून टाका, एक बाजू जड ठेवा. खोडावर फेव्हिकॉलमध्ये कालवलेला बारीक भुसा लावा, बुंध्याशी एम-सीलने मुळं ओढा. वडाच्या पारंब्यांना काथ्याचा धागा झकास.

आता रंग. चित्रकलेच्या तासाला आपण सगळ्यांनी खोड चॉकलेटी रंगवलंय. खिडकीबाहेर बघा बरं. बहुतेक खोडं राखाडी असतात. कुठे हिरवट, कुठे काळपट, पण मुळात राखाडी. पोपटी पानांचंही तेच. लांबून बघितलं तर हिरवा रंग मळकट आणि थोडा धुरकट होतो, आणि मॉडेलकडे आपण लांबूनच बघत असतो.

पानांसाठी उशीत भरतात तो फायबर काळपट हिरवा रंगवा, हाताने ताणून कोळ्याच्या जाळ्याइतका विरळ करा आणि फांद्यांवर पसरा. त्यावर हेअर स्प्रे आणि लगेच स्पंजची भुकटी. भुकटीसाठी स्पंजचे तुकडे पोस्टर कलरच्या पाण्यात भिजवून मिक्सरमधून काढायचे, पिळायचे, वाळवायचे. (घरातला चटणीचा मिक्सर वापरू नका. झाड होईल, घर राहणार नाही.) खालच्या बाजूला गडद, वर फिकट, असे निदान तीन हिरवे हवेत. आणि मध्ये फटी ठेवा, एखादं पाखरू आरपार उडून जाईल एवढ्या. भुकटीचा मोह आवरला नाही की परत लॉलीपॉप. झाडाखाली टाकायला वापरलेली चहापत्ती, पण खडखडीत वाळवलेली, नाहीतर बुरशी धरते.

गेलेली झाडं

हा नुसता टाइमपास नाही, हे पटायला इंग्लंडमधल्या पेंडन म्युझियमची गोष्ट ऐका. रॉय इंग्लंड नावाचा एक ऑस्ट्रेलियन तरुण 1920च्या दशकात तिकडे गेला. ऑक्सफर्डजवळच्या खेड्यांतली गवताने शाकारलेली घरं डोळ्यांदेखत बदलताना त्याने पाहिली आणि 1930च्या दशकात ती 1:76 प्रमाणात करायला घेतली. पुढे हाताला हात लागत गेले आणि घरांसोबत शेतं, कुंपणं, झाडंही आली. त्या भागात तेव्हा एल्मची उंच झाडं सगळीकडे होती. 1970च्या दशकात एका बुरशीच्या रोगाने ब्रिटनमधली कोट्यवधी एल्म मेली. आज पेंडनच्या टेबलावर तो जुना मुलूख दिसतो, एल्मसकट. बाहेर पडून बघायला गेलात तर कापूसकोंड्याची गोष्ट.

आपल्याकडे रोगाची वाट बघावी लागत नाही. मुंबईत आरेमध्ये ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांहून जास्त झाडं दोन-तीन दिवसांत गेली. मेट्रो हवी की झाडं, यावर ऑफिसच्या कँटीनमध्ये भांडून झालंच असेल, ते इथे नको. पण तुमच्या रोजच्या बसस्टॉपवरचं झाड कुठलं, हे विचारलं तर किती जण सांगतील? त्याची पहिली फांदी किती उंचीवर फुटते, ते कुठल्या बाजूला कललंय? मॉडेल करायला बसलं की हे सगळं बघावंच लागतं. दुसरा इलाजच नसतो.

तेव्हा या वीकेंडला सुरुवात जंगलाने करू नका. एकच झाड घ्या, तुमच्या गल्लीतलं. मित्राला खोडाशी उभं करून समोरून मोबाइलवर फोटो काढा. मित्र पावणेसहा फूट आणि झाड त्याच्या आठपट असेल तर झालं 46 फूट, म्हणजे 14 मीटर. 87ने भागा, 16 सेंटिमीटर. कात्री उचला. फोटो पानगळीत काढलात तर उत्तम, सांगाडा उघडा दिसतो.

आणि खोडावर महापालिकेचा कागद चिकटवलेला दिसला तर तो आधी नीट वाचा. आपल्या राज्यात 1975च्या कायद्याने झाड तोडण्यापूर्वी त्यावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. हरकत मुदतीत नोंदवा, फोटो चारही बाजूंनी काढा. मॉडेलवरही तो कागद लावायचा असेल तर ए-फोर साइज 1:87 मध्ये साडेतीन मिलिमीटरची होते. चिमट्याने लावावी लागेल.