लाखात एक म्हणजे किती?

लस दिल्यानंतर ताप येतो, हात सुजतो, हे सर्वांना ठाऊक असते. त्याने फारसे कुणी घाबरत नाही. पण 'लशीमुळे मूल लुळे पडले' असे कानावर आले की पालक शाळेत येऊन विचारतात, "गुरुजी, हे खरे का?" पल्स पोलिओच्या रविवारी अनेक शाळांतून बूथ लागतो, त्यामुळे हा प्रश्न शिक्षकांना टाळता येत नाही. 'असे कधीच होत नाही' हे उत्तर खोटे आहे. 'लाखात एखाद्याला होते' हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. लाखात एक हा धोका मोठा की लहान, हे दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

म्हणून आपण दोन्ही पारडी भरून पाहू. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे दोन तालुके घेऊ. गणित सोपे व्हावे म्हणून दोन्हींत मिळून वर्षाला ५००० मुले जन्मतात असे धरू. हा आकडा गणितापुरता आहे.

पहिले पारडे : रोग

पोलिओचा विषाणू विष्ठेतून पाण्यात व अन्नात आणि तेथून दुसऱ्याच्या पोटात जातो. लस नव्हती त्या काळी, जेथे सांडपाण्याची सोय नव्हती तेथे, जवळजवळ प्रत्येक मुलाला लहानपणीच याचा संसर्ग होई. बहुतेकांना काहीच जाणवत नसे. सुमारे २०० संसर्गांमागे एका मुलाच्या मज्जापेशींवर हल्ला होऊन हात किंवा पाय कायमचा लुळा पडे. आपल्या ५००० मुलांत हा हिशेब दरवर्षी २५ मुलांचा होतो.

दुसरे पारडे : लस

तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लशीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो आतड्यात वाढतो आणि शरीराला रोगाची ओळख करून देतो. वाढताना त्याच्या जनुकांत बदल होतात आणि क्वचित त्याला जुना जोर परत मिळतो. मग त्या मुलाला लशीमुळेच पोलिओसारखा लुळेपणा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने हे सुमारे २७ लाख डोसांमागे एकदा घडते.

आपल्याकडे नेहमीच्या वेळापत्रकात या लशीचे पाच डोस आहेत. ५००० मुलांचे वर्षाला २५,००० डोस झाले. २७ लाखांना २५,००० ने भागले तर उत्तर येते १०८. म्हणजे या दोन तालुक्यांत १०८ वर्षांत एक मूल. पल्स पोलिओमुळे डोस तिप्पट झाले असे धरले, तरी ३६ वर्षांत एक. एका पारड्यात दरवर्षी २५ मुले आणि दुसऱ्यात ३६ वर्षांतून एक. १९९५ साली देशात पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा लस देणेच शहाणपणाचे होते, हे यावरून दिसते.

पारडी जागेवर राहत नाहीत

गणित येथेच सोडले तर ते अर्धवट राहील. जंगली विषाणूमुळे पोलिओ झालेला भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. त्यानंतर पहिल्या पारड्यातील २५ चा आकडा शून्य झाला. दुसरे पारडे मात्र तसेच राहिले. दोन तालुक्यांत ते हलके वाटते, पण देशात वर्षाला अडीच कोटी जन्म धरले तर पाच डोसांचे साडेबारा कोटी डोस होतात. त्याच दराने ही ४६ मुले झाली. कालपर्यंत नगण्य वाटणारा धोका आता डोळ्यांत भरू लागला.

म्हणून लसच बदलण्यात आली. मेलेल्या विषाणूपासून केलेली, टोचून द्यायची लस २०१५ च्या नोव्हेंबरात कार्यक्रमात आली. तिच्यामुळे लुळेपणा येऊ शकत नाही. एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटे देण्याच्या लशीतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकला गेला, कारण त्या प्रकारचा जंगली विषाणू १९९९ नंतर कोठेच सापडला नव्हता. पहिल्या व तिसऱ्या प्रकारांचे थेंब मात्र अजून दिले जातात. पाकिस्तान व अफगाणिस्तानात पहिल्या प्रकारचा रोग आहे, आणि आतड्यातील विषाणूचा फैलाव रोखण्यात थेंब अधिक उपयोगी पडतात.

रेबीजच्या लशीचीही अशीच कथा आहे. 'पोटातली चौदा इंजेक्शने' जुन्या माणसांना आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवीत आणि काही हजारांत एकाला तिच्यामुळे मज्जासंस्थेचा गंभीर आजार होई. हा धोका पोलिओच्या थेंबांपेक्षा कितीतरी मोठा. तरीही पिसाळलेले कुत्रे चावले असता ती घेणेच योग्य होते, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पेशींवर वाढविलेली सुरक्षित लस हाताशी आल्यावर मात्र जुन्या लशीचे समर्थन उरले नाही. भारतात तिचे उत्पादन डिसेंबर २००४ मध्ये थांबले.

नंतर घडले म्हणून त्यामुळे घडले?

आणखी एक हिशेब करू. आपल्या ५००० बालकांपैकी २५ बालके दुसऱ्या ते बाराव्या महिन्यात निरनिराळ्या आजारांनी दगावतात असे धरू. हा काळ सुमारे ३३० दिवसांचा. त्यात लसीकरणाच्या चार भेटी आणि प्रत्येक भेटीनंतरचे दोन दिवस मिळून आठ दिवस होतात. २५ ला ८ ने गुणून ३३० ने भागले की ०.६ येतात. म्हणजे लशीचा काही संबंध नसतानाही, पाच वर्षांत तीन बालके लस दिल्यानंतरच्या दोन दिवसांत दगावतील. त्या आईला हा योगायोग वाटणार नाही, आणि तिला दोष देता येणार नाही.

पण यावरून प्रत्येक घटना योगायोगाचीच, असेही ठरत नाही. माणसाच्या हातून चूक होऊ शकते. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले वाचली. म्हणून लशीनंतरची प्रत्येक गंभीर घटना प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावी आणि तिची चौकशी व्हावी. चौकशीने कार्यक्रमाची बदनामी होते, हा समज चुकीचा आहे. लोकांचा विश्वास उडतो तो लपवाछपवीने.

"बाकी सगळ्यांनी घेतली, आता माझ्या मुलाला कशाला?" असेही काही पालक विचारतात. रोग नाहीसा दिसतो तो बाकीच्यांनी लस घेतल्यामुळे. पावसाळा संपल्यावर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि मुलांचे डोस चुकतात. अशी वंचित मुले एका ठिकाणी जमली की रिकामे पारडे पुन्हा भरू लागते. एवढेच नव्हे, तर लशीतील दुबळा विषाणूही अशा मुलांतून फिरत राहून पुन्हा जोर धरतो. २०२२ साली अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लस न घेतलेल्या एका तरुणाला अशाच विषाणूने पांगळे केले. लस घेणारे कमी झाले की लशीचा धोकाही वाढतो, तो असा.

वर्गात हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. आपल्या गावातील वर्षभराच्या जन्मांचा आकडा ग्रामपंचायतीतून आणावा, ५००० च्या जागी तो ठेवावा आणि दोन्ही पारडी पुन्हा मांडावीत. मग पुढच्या वेळी 'लाखात एक' असे कुणी म्हटले की मुले विचारतील, "आणि दुसऱ्या पारड्यात किती?"