ट्रॅक्टर तापला? झाकणाला हात लावण्याआधी हे वाचा



सोयाबीनची गंजी उभी आहे. मळणीयंत्र सुरू झाले आहे, माणसे कामाला भिडली आहेत आणि मावळतीला ढग भरून आले आहेत. नेमक्या अशा वेळी ट्रॅक्टरचा काटा लाल पट्ट्यात शिरतो आणि बॉनेटखालून वाफ निघू लागते. एक जण म्हणतो, "थोडंच राहिलंय, ओढून घ्या." दुसरा फडके घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला धावतो. तिसरा विहिरीच्या गार पाण्याची बादली आणतो.

तिघांचाही हेतू चांगला, पण तिघांचेही चुकते. पहिल्याचे ऐकले तर इंजिनाचे हेड वाकते. दुसऱ्याचे तोंड आणि हात भाजतात. तिसऱ्याच्या गार पाण्याने तापलेल्या बिडाला तडा जातो. अर्ध्या तासाची घाई आणि हंगामभराचे नुकसान! म्हणून ट्रॅक्टर का तापतो आणि तापल्यावर काय करायचे, ते आज क्रमाने समजून घेऊ.

उष्णता जाते कुठे?

आपण टाकीत डिझेल भरतो, पण त्यातली सगळी ताकद नांगराला मिळत नाही. ढोबळ मानाने एक तृतीयांश ताकद कामाला येते, तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली बहुतेक पाण्याला वाहून न्यावी लागते. वॉटर पंप हे पाणी इंजिनाभोवती फिरवतो. तापलेले पाणी वरच्या होज पाइपाने रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून खाली उतरताना पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि खालच्या पाइपाने परत इंजिनात जाते. या फेऱ्यात कुठेही अडथळा आला की काटा वर चढलाच म्हणून समजा.

चांगल्या इंजिनात पाणी साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस राहते. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरसारखे असते. ते पाणी दाबाखाली ठेवते, त्यामुळे १०० अंशांच्या पुढे गेले तरी पाणी उकळत नाही. अशा वेळी झाकण उघडले की दाब एकदम जातो आणि सगळे पाणी त्याच क्षणी उसळून अंगावर येते. शिट्टी न जिरलेला कुकर घरातली बाई उघडत नाही. मग आपण रेडिएटर का उघडावा?

तापल्यावर त्या वेळी काय करावे?

१. काम थांबवा. पी.टी.ओ. सोडवा, इंजिनावरचा भार काढा.

२. पंखा फिरत असेल आणि पाणी वाहून गेलेले नसेल, तर इंजिन हळू गतीवर तीन-चार मिनिटे चालू ठेवा आणि मग बंद करा. एकदम बंद केल्यास पाण्याचा फेरा थांबतो आणि आतली उष्णता आतच कोंडते. मात्र पट्टा तुटला असेल, पाइप फुटला असेल किंवा तेलाच्या दाबाचा दिवा लागला असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता इंजिन बंद करा.

३. निदान अर्धा तास थांबा. वरचा होज पाइप हातात सहज धरवेल इतका निवला पाहिजे.

४. मग जाड फडके धरून, तोंड बाजूला करून, झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा. 'फुस्स' आवाज पूर्ण थांबल्यावरच ते काढा.

५. पाणी भरायचे ते इंजिन निवल्यावरच. बादली एकदम ओतू नका, थोडे थोडे घाला.

दोष कसा शोधावा?

आधी फुकटात दिसणाऱ्या जागा पाहा, मग खर्चाच्या. पुष्कळदा दोष पहिल्या तीन जागांतच सापडतो.

*जाळी आणि रेडिएटर.* मळणीच्या वेळी भुसकट, कुसळे आणि धूळ पंख्याच्या ओढीने रेडिएटरवर येऊन बसतात. पुढची जाळी स्वच्छ दिसली तरी मागच्या पत्र्यांत बोळा बसलेला असतो. वारा पुढून मागे जातो, म्हणून साफ करताना हवा उलटी, म्हणजे पंख्याच्या बाजूने पुढे मारा. दाब बेताचा ठेवा, नाहीतर नाजूक पत्रे दुमडतात. पाण्याने धुणार असाल तर इंजिन थंड हवे. मळणीत हे काम रोज करा आणि ट्रॅक्टर भुसकटाच्या वाऱ्याखाली उभा करू नका.

*पाणी.* दर दोन दिवसांनी पाणी घालावे लागत असेल, तर ते कुठून तरी जाते आहे. होज पाइपांचे क्लिप, रेडिएटरची खालची तोटी आणि वॉटर पंपाखालचे बारीक भोक पाहा. त्या भोकातून थेंब गळू लागले की पंपाचे सील गेले. ते भोक बुजवू नका, पंप दुरुस्त करा.

*फॅनबेल्ट.* इंजिन बंद करून दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबा. बहुतेक ट्रॅक्टरांत पट्टा एक ते दीड सेंटिमीटर दबला तर ठीक. नक्की माप आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असते. पट्टा ढिला असेल तर पंप आणि पंखा दोन्ही मंदावतात. फार ताणला तर बेअरिंग जाते.

*झाकण.* रबर चिरले असेल तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते. इंजिन निवल्यावर होज पाइप चपटा झालेला दिसला, तर झाकणातली आत घेणारी झडप अडकली आहे असे समजा. झाकण बदलायला फार पैसे लागत नाहीत, पण त्याच दाबाचे घ्या.

*थर्मोस्टॅट.* ही पाण्याच्या वाटेवरची आपोआप उघडणारी झडप. इंजिन गार असताना ती बंद असते, साधारण ८० अंशांच्या आसपास उघडू लागते. काटा लाल पट्ट्यात आणि वरचा पाइप मात्र कोमट, असे असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याचा संभव आहे. वरचा पाइप कडक आणि खालचा गार असेल, तर रेडिएटर आतून तुंबला असावा. पाइप चाचपताना इंजिन आधी बंद करा आणि हात जपून लावा.

थर्मोस्टॅट तपासणे घरी जमते. तो काढून पातेल्यातल्या पाण्यात दोरीने लटकवा आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या सुमारास उघडला आणि गार झाल्यावर मिटला, तर चांगला. उकळत्या पाण्यातही उघडला नाही, तर नवा घाला.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. काही मिस्त्री म्हणतात, "आपल्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला? काढून टाकू." हे ऐकू नका. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन वेळेवर गरम होत नाही. डिझेल नीट जळत नाही, ते जास्त लागते, थोडे इंजिन तेलात उतरून तेल पातळ करते आणि लायनर-रिंगा लवकर झिजतात. आज काटा खाली दिसतो, पण किंमत पुढे इंजिन उघडताना मोजावी लागते.

*हेड गॅस्केट.* रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येतात, तेल दुधाळ दिसते, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर निघतो, अशी लक्षणे दिसली तर पुढे एक तासही चालवू नका. हे काम जाणत्या मिस्त्रीचेच.

हे सगळे ठीक असूनही ट्रॅक्टर तापत असेल, तर भार तपासा. लहान ट्रॅक्टरला मोठा रोटाव्हेटर आणि वर मे महिन्याचे ऊन, यात ट्रॅक्टरचा दोष नाही.

कोणते पाणी घालावे?

भांडी खारवटणारे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. चहाच्या पातेल्याला धरतो तसाच पांढरा थर इंजिनाच्या आत धरतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. आता बहुतेक ट्रॅक्टरांत कारखान्यातूनच कूलंट भरून येते. ते गंज आणि क्षार रोखते. पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात आणि मुदतीत बदला. पाणी मिसळायचे असेल तर बॅटरीसाठी मिळते तसे शुद्ध पाणी वापरा. पूर्वी धुण्याच्या सोड्याने रेडिएटर धूत असत, पण आता बरेच रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात आणि सोडा त्यांना खातो.

आणखी एक इशारा. पुष्कळ कूलंटांत ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि जिवाला विषारी असते. काढलेले कूलंट घमेल्यात उघडे ठेवू नका, ओढ्यात ओतू नका. जनावर किंवा लहान मूल त्याला तोंड लावील.

पिकअप किंवा जीप असेल तर

भाजीपाला घेऊन घाट चढताना गाडी तापली, तर ए.सी. बंद करा, काचा उघडा आणि हीटर पूर्ण सोडा. हीटर म्हणजे त्याच पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटर. तो इंजिनाची थोडी उष्णता बाहेर काढतो. एवढ्याने काटा उतरला नाही तर गाडी कडेला घ्या. काटा वर आणि हीटरमधून मात्र गार वारा, असे झाले तर पाणी कमी आहे किंवा वाटेत हवा अडकली आहे. लगेच थांबा. उलट थंडीत काटा खालीच राहतो आणि हीटर कोमट वारा देतो, तेव्हा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो किंवा कोणी तरी काढलेला असतो. पायाखालची चटई ओली, काचेवर चिकट वाफ आणि गोडसर वास, ही हीटर गळण्याची खूण.

लक्षात ठेवा

रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पाणी, तेल, पट्टा आणि जाळी या चार गोष्टी पाहायला पाच मिनिटे पुरतात. किती पाणी घातले ते वहीत तारखेसह लिहा. आठवड्यातच कळेल की पाणी जाते आहे का. हा ताळा घरातल्या मुला-मुलींनाही शिकवा.

ढग भरून आले तरी अर्धा तास थांबा. भिजलेली गंजी ऊन पडल्यावर वाळवता येईल, पण भाजलेला हात आणि तडकलेले हेड असे वाळवून नीट होत नाही.

रामराम!