मास्टर कुणाच्या कपाटात?

गावचं गाणं रेकॉर्ड करायला आता मोबाइल पुरतो. मग घरच्या घरी चालणारी छोटीशी म्युझिक कंपनी काढायची कशाला? अकोल्याच्या जुन्या शहरात पडलेल्या या प्रश्नामागे कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि पुण्यापर्यंत केलेली एक चौकशी...

तुमच्या फोनमधली प्लेलिस्ट उघडा बरं. पंजाबी ढोल सापडेल, राजस्थानचे मांगणियार सापडतील, कोक स्टुडिओ तर असणारच. एखादं कोळीगीतही निघेल. आता वऱ्हाडातलं काही शोधा. खंजिरीवरचं भजन? जात्यावरची ओवी? नाही ना सापडत! बरं, आमच्याकडे गाण्याची टंचाई आहे असंही नाही. गाणारे चिक्कार आहेत. ते गाणं नीट रेकॉर्ड करून, नाव लिहून, जपून विकणारं कुणी नाही.

मी जुन्या शहरातला. मोर्णा ओलांडून आलात की गल्ल्या अरुंद होतात आणि आवाज मोठे होतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तर विचारू नका. आदल्या रात्री पोरं गांधीग्रामला जाऊन पूर्णेचं पाणी भरतात आणि सतरा-अठरा किलोमीटर खांद्यावर कावड वाहत राजराजेश्वराच्या मंदिरात आणतात. ढोलांच्या आवाजानं जयहिंद चौकातल्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. एप्रिलमध्ये भीमगीतं, एरवी रात्री एखाद्या घरी तुकडोजी महाराजांची भजनं, मध्येच कुठेतरी कव्वाली. वर्षभर फुकटची मैफल! पण मुंबईच्या पाहुण्यानं 'यातलं काही सोबत न्यायला मिळेल का?' असं विचारलं, की त्याच्या हातात पेन ड्राइव्ह द्यावा लागतो. त्यावर गायकाचं नाव नसतं. फाइलचं नाव असतं 'भजन न्यू फायनल टू'.

वऱ्हाडानं आवाज कमी दिलेत का? वसंतराव देशपांडे आमच्या जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे, जन्म १९२०. विठ्ठल वाघांचे वऱ्हाडी शब्द 'अरे संसार संसार' या सिनेमातून १९८१ मध्ये महाराष्ट्रभर गेले. म्हणजे मुंबई-पुण्याच्या माइकसमोर पोचला तो ऐकू आला. गाडगेबाबांनी आयुष्यभर गावोगाव कीर्तनं केली, आणि आज त्यांच्या आवाजातलं जे कीर्तन ऐकायला मिळतं ते ८ नोव्हेंबर १९५६ चं, मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर झालेलं. त्यानंतर दीड महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले. तेव्हा तिथे टेप चालू होती म्हणून निभावलं!

कंपनी कायले पाह्यजे?

हा प्रश्न माझ्या मोठेबाबांचा. ते भजनी मंडळात चाळीस वर्षं खंजिरी वाजवतात. ''मोबाइल हाये नं बावा! टाकून द्या यूट्यूबवर. कंपनी कायले पाह्यजे?''

टाकलं की! मंडळाचं एक जुनं पारंपरिक भजन, त्यांच्याच आवाजात, आमच्याच गच्चीवर रेकॉर्ड केलेलं. चार दिवसांत कॉपीराइटचा दावा आला. कुठल्याशा कंपनीनं तेच भजन कधीतरी कीबोर्ड लावून काढलं होतं, आणि मशीनला दोन्ही चाली सारख्या वाटल्या. व्हिडिओ राहिला, पण त्यावरचे जे काही चार पैसे येतील ते तिकडे वळले. मोठेबाबा हसले. ''पोरा, आपलं गानं आपन गायलं तरी भाडं दुसऱ्यालेच?''

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. आणि लक्षात आलं, की लेबल म्हणजे स्टुडिओ, चकाचक कव्हर, लाँच पार्टी हा सगळा वरचा वर्ख आहे. मुळात लेबल म्हणजे एक वही. कुणी गायलं, कुणी वाजवलं, कुठल्या तारखेला, काय ठरलं, किती दिले, हे लिहिलेली वही. आणि मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, सांभाळणारं एक कपाट.

आपल्याकडे हे कपाट कायम लांब होतं. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात उतरला, त्यानं ग्रामोफोनसाठी पहिली भारतीय रेकॉर्डिंग्ज केली. तिथपासून ऐंशीच्या दशकापर्यंत बाजार मुख्यतः एचएमव्हीचा. मग कॅसेट आली आणि सगळंच उलटंपालटं झालं! यंत्रं स्वस्त, कॅसेट स्वस्त, त्यामुळे छोट्या गावातला दुकानदारही कंपनी काढू शकला. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानं यावर १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. प्रल्हाद शिंदे, आनंद-मिलिंद शिंदे यांचा आवाज एसटी स्टँडवरच्या टपरीपासून ट्रॅक्टरपर्यंत पोचला तो कॅसेटमुळेच. पण त्या धांदलीत अनेक गाणारे एकरकमी पैसे घेऊन घरी गेले. आणि कॅसेटवर गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' छापलं की पुढचे सगळेच प्रश्न मिटायचे. कंपनीचे!

अडीचशे प्रतींची कंपनी

आता जरा कॅलिफोर्नियाला चला. ख्रिस स्ट्राकविट्झ नावाचा एक शाळामास्तर. जन्मानं जर्मन, डोक्यात अमेरिकेतल्या काळ्या शेतकऱ्यांचं ब्लूज. १९६० मध्ये तो टेक्ससमधल्या एका गावात जाऊन मान्स लिप्सकोम या शेतकरी गायकाला त्याच्याच घरात रेकॉर्ड करतो. आरहूली रेकॉर्ड्स या त्याच्या कंपनीचा हा पहिला एलपी. प्रती फक्त २५०! कव्हरं मित्रांना बसवून हातानं चिकटवलेली. आपल्याकडे लग्नपत्रिकासुद्धा याहून जास्त छापतात.

पण माझा खरा हिरो हा माणूस झाला तो पुढच्या गोष्टीमुळे. मिसिसिपीचा शेतकरी फ्रेड मॅकडॉवेल चर्चमधलं एक जुनं भजन गिटारवर गायचा. ते गाणं रोलिंग स्टोन्सनी १९७१ च्या अल्बममध्ये घेतलं. 'पारंपरिक' म्हणून सोडून देता आलंच असतं. स्ट्राकविट्झनं सोडलं नाही. कागद दाखवले, वकील लावले, भांडला, आणि चेक म्हाताऱ्याच्या हातात नेऊन दिला. मॅकडॉवेल १९७२ मध्ये गेला. चेक त्याआधी पोचला, कारण कुणीतरी वही लिहिली होती.

स्ट्राकविट्झचं स्वतःचं पोटही असंच भरलं. त्याच्या दिवाणखान्यात १९६५ मध्ये रेकॉर्ड झालेल्या एका युद्धविरोधी गाण्याचे प्रकाशन-हक्क त्याच्याकडे होते. ते गाणं वुडस्टॉकच्या सिनेमात गेलं आणि त्या पैशांतून कंपनीला स्वतःची इमारत मिळाली. एक गाणं बाकी शंभर गाण्यांचा खर्च काढतं; या धंद्यातलं अर्थशास्त्र थोडक्यात एवढंच. ते एक कुठलं, हे मात्र कुणालाच आधी कळत नाही.

आपल्याकडची दोन घरं

घराजवळचं उदाहरण हवं? पुण्यात कर्वे रस्त्यावरचं अलूरकर म्युझिक हाऊस. सुरेश अलूरकरांनी मोठ्या कंपन्यांना ज्यात रस नव्हता ते हेरलं. खासगी मैफली, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, आणि पुलंचं कथाकथन. 'अंतू बर्वा' ऐकत मोठ्या झालेल्या कित्येक घरांत अलूरकरांचं नाव असलेली कॅसेट होती. एका माणसाच्या कानावर आणि ओळखीपाळखीवर चाललेली कंपनी! गाणं लोकसंगीताचं नव्हतं, पण चालवण्याची रीत घरगुतीच.

दुसरं घर शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांचं. नवरा-बायको दोघंही कलाकार. इंडिपॉपच्या लाटेत मोठ्या कंपन्यांचे करार शुभाताईंनी जवळून पाहिले होते. २००३ मध्ये दोघांनी अंडरस्कोर रेकॉर्ड्स काढली. कलाकारांनी स्वतः काढलेली रेकॉर्डिंग्ज इंटरनेटवरून थेट विकायची, हा फंडा. तेव्हा आपल्यातले अर्धे जण सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजत होते! २००९ मध्ये त्यांनी पुण्यात 'बाजा गाजा' हा महोत्सवही भरवला, त्यात शास्त्रीयच्या शेजारी लोकसंगीत होतं. आपली रेकॉर्डिंग्ज आपणच विकायची, हे कलाकारांना शिकवणारं ते दुकान होतं.

पुण्यातलं एक तिसरं काम लेबल नाही, पण त्याशिवाय पुढे जाता येत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गावोगाव फिरून जमवल्या. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, सगळं नोंदवून! तो ठेवा आता 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. संग्रह आणि लेबल यात फरक आहे. संग्रह जपतो. लेबलला जपून शिवाय विकावंही लागतं आणि गाणाऱ्याला हिशोब द्यावा लागतो. पण नोंद करण्याची शिस्त मात्र यांच्याकडूनच शिकावी.

हिशोब काय म्हणतो?

आमच्या घरात सध्या याचीच चर्चा आहे. माणसं तीन. मी, धाकटी बहीण (सीए करतेय, फुकटात मिळते) आणि आई. आईचं काम सगळ्यात अवघड. कुठल्या गल्लीतली कोणती आजी गाते आणि तिला कोणाच्या समोर गायला आवडत नाही, हे फक्त तिला माहीत आहे. रेकॉर्डर वीस-पंचवीस हजारांत येतो. रेकॉर्डिंगला स्टुडिओ नको. भजन देवळातच चांगलं वाजतं. फक्त पंखे बंद करायचे, आणि शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत थांबायचं. प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड घ्यायचा. तो गाण्याचा आधार कार्ड नंबर समजा. तो नसेल तर ऑनलाइन पैसे कोणाला द्यायचे हेच सिस्टिमला कळत नाही.

कायदा मात्र बहिणीनं वाचायला घेतला तेव्हा मजा आली. पारंपरिक शब्द सगळ्यांचे. पण त्याचं रेकॉर्डिंग ज्यानं पुढाकार घेऊन केलं त्याचं, आणि ते प्रसिद्ध झाल्यावर साठ वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचा हक्क आहे. दुसऱ्याच्या रेकॉर्ड झालेल्या गाण्याचं कव्हर व्हर्शन काढायचं तर पाच वर्षं थांबा, आणि किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आधी भरा. पन्नास हजार! पण त्याच कलमात एक खिडकी आहे. एखाद्या भाषेचा किंवा बोलीचा खप किती असू शकतो ते बघून हा आकडा कमी ठरवता येतो. बोली म्हटलंय, बरं का. वऱ्हाडीसाठी कुणी ही खिडकी वाजवायला हवी.

आणि तुकडोजी महाराज? ते ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. त्यांच्या हयातीत छापलेल्या रचनांवर २०२८ च्या अखेरपर्यंत कॉपीराइट चालतो. म्हणजे गावात कुणीही गावं, पण विकायचं असेल तर परवानगी हवी. मोठेबाबांना हे सांगितलं तर म्हणाले, ''बरोबर हाये. इचारूनच घ्या. मोझरी काही दूर नाही.''

पैसे? स्ट्रीमिंगमधून सुरुवातीला मोबाइलचं रिचार्ज निघालं तरी जिंकलो. सीडी कुणी विकत घेत नाही. त्यामुळे नोकरी सोडून यात उडी मारायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. पगार येत राहावा आणि कंपनी शनिवार-रविवारी चालावी. स्ट्राकविट्झही सुरुवातीला शाळेत शिकवतच होता.

नंतर कोण?

घरच्या लेबलचा सगळ्यात नाजूक प्रश्न हा. संस्थापकाच्या कानावर चालणारी कंपनी त्याच्यानंतर कोणी ऐकायची? अलूरकर आज नाहीत, आणि त्यांच्या जुन्या कॅसेट संग्राहकांकडे विचाराव्या लागतात. न्यूयॉर्कच्या मोझेस ॲशनं १९४८ मध्ये फोकवेज काढली. त्याआधीच्या त्याच्या कंपन्या बुडाल्या होत्या. मरेपर्यंत, म्हणजे १९८६ पर्यंत, दोन हजारांवर अल्बम काढले. १९८७ मध्ये ती सगळी इस्टेट स्मिथसोनियन संस्थेकडे गेली ती एका अटीवर: एकही अल्बम बंद करायचा नाही, वर्षाला दोन प्रती खपल्या तरी! २०१६ मध्ये आरहूलीही तिथेच सुपूर्द झाली. आपल्याकडे अशी अट मान्य करून छोट्या कंपन्यांचा माल सांभाळणारी संस्था मला तरी सापडलेली नाही. विद्यापीठांनी मनावर घेतलं तर जागा आहे, माणसं आहेत. सध्या तरी आमचा उपाय म्हणजे मास्टरच्या तीन प्रती. एक अकोल्यात, एक बहिणीकडे पुण्यात, एक मंडळाच्या पेटीत.

गेल्या आठवड्यात पहिला करार लिहायला बसलो. मराठीत, एक पान. खर्च वजा जाता निम्मे मंडळाचे, निम्मे कंपनीचे. रेकॉर्डिंग मंडळाला केव्हाही वापरता येईल. मोठेबाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि बोट ठेवलं, ''मंडळाचे म्हंजे कोनाचे? नावं लिही.'' अकरा नावं झाली. बारावं मृदंगवाल्या काकांचं. आमच्याकडच्या एकमेव बऱ्या रेकॉर्डिंगवर मृदंग त्यांचा आहे, आणि ते दोन वर्षांपूर्वी गेले.

''त्याचा वाटा त्याच्या पोरीले,'' मोठेबाबा म्हणाले. ''सुरतले देल्ली हाये. नंबर काढ तिचा.''

नंबर अजून मिळालेला नाही. आई म्हणते, हरिहर पेठेत तिची मावशी राहते, तिच्याकडे असेल.