सातबाऱ्याच्या रकान्यांत न मावणारे वाण

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे पावसाळी वारे घाटमाथ्यावर रिते होऊन पुढे कोरडे वाहतात त्या टापूत मोडतात. येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो वेळेवर पडेलच याची शाश्वती नसते. एकाच शिवारात अनेक पिके आणि एकाच पिकाचे अनेक वाण राखणे, हा या बेभरवशाच्या पावसावर येथील शेतीने पिढ्यान्‌पिढ्या काढलेला तोडगा होय. या वैविध्याचा नकाशा करायचा झाल्यास केवळ पिकांची यादी पुरत नाही. वाण, जमीन, हंगाम आणि उपयोग या चारही गोष्टी एकत्र नोंदवाव्या लागतात.

भीमा, घोड आणि मुळा-मुठा या नद्यांच्या काठची जमीन काळी, खोल आणि ओल धरून ठेवणारी आहे, तर दोन नद्यांमधील माळ मुरमाड व हलके आहेत. माळावर मृगाच्या पावसावर बाजरी पेरली जाते आणि तिच्यासोबत तूर, मटकी, हुलगा यांचा इरवड, म्हणजे मुख्य पिकाच्या ओळींत मिसळून घेतलेले दुय्यम पीक, असतो. परिणामी पावसाने मध्येच ताण दिला तरी एखादे तरी पीक हाती लागते. काळ्या रानात मात्र पावसाळाभर जमीन मोकळी ठेवून मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी आणि हरभरा घेतला जातो, व ज्वारीच्या कडेने काटेरी करडईचे पाटे सोडल्याने तेलबियांची सोय होते आणि गुरांनाही अटकाव होतो.

ज्वारीतही प्रत्येक वाणाचे काम वेगळे असते. भाकरी आणि कडबा या दोन्हींसाठी मालदांडीला पसंती मिळते, तर हुरड्यासाठी गोड, कोवळ्या दाण्याची गुळभेंडी राखली जाते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रावर मालदांडीतून निवड पद्धतीने ‘एम 35-1’ हा वाण काढण्यात आला आणि रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात तो दीर्घकाळ टिकला. संकरित बियाण्याची तुलना केवळ दाण्याच्या उताऱ्यावर केली, तर जनावरांच्या पोटाला लागणारा कडबा हिशेबातून निसटतो. म्हणून नकाशात उपयोगाचा रकाना अनिवार्य ठरतो.

या प्रदेशाच्या नकाशाला काळाची मितीही जोडता येते. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या कालखंडातील ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे दगडाबरोबर तांब्याची हत्यारे वापरणाऱ्या लोकांची वसाहत उजेडात आली. जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून तेथे सातू, गहू, मसूर, लाख, वाटाणा आणि हुलगा ही धान्ये व कडधान्ये ओळखण्यात आली. पुराचे पाणी वळवण्यासाठी खोदलेला चर आणि धान्यकोठारही सापडले. वसाहतीच्या अखेरच्या टप्प्यात हवामान कोरडे होत गेले, शेती आक्रसली आणि पशुपालन व शिकार यांवरचा भर वाढला, असे उत्खननकर्त्यांचे अनुमान आहे. या शिवारातील पिकांची घडण पाण्याच्या उपलब्धतेनुसार बदलत आली आहे, हे त्यातून ध्यानात येते.

अलीकडच्या काळात हीच घडण कालव्यांनी बदलली. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी दौंडपर्यंत आणि घोड धरणाचे पाणी शिरूरच्या रानात पोहोचल्यावर ऊस फोफावला. दौंडच्या पट्ट्यात गुऱ्हाळे, तर पाटस व न्हावरे येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. बागायतीने अनेक कुटुंबांना स्थैर्य दिले, हे मान्य करूनही, पाणी पोहोचलेल्या रानातून हुलगा, मटकी, करडई यांसारखी कोरडवाहू पिके प्रथम हटतात आणि त्यांना थारा उरतो तो पाटपाण्याच्या वरच्या अंगाला असलेल्या माळावर, हेही तितकेच खरे आहे. म्हणूनच कालव्याची रेषा हा अशा नकाशाचा पहिला थर असावा लागतो.

शासकीय नोंदी येथे अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देतात. सातबाऱ्यातील गाव नमुना बारामध्ये मिश्र पीक, त्याची घटक पिके, निर्भेळ पीक, जलसिंचित व अजलसिंचित क्षेत्र असे रकाने असत, आणि 2021 पासून ‘ई-पीक पाहणी’द्वारे शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून छायाचित्रासह नोंद करू लागला, परंतु ज्वारी मालदांडी की गुळभेंडी, हे सातबारा सांगत नाही. जैविक विविधता कायदा, 2002 नुसार स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी तयार करावयाची लोकजैवविविधता नोंदवही ही उणीव भरून काढू शकते, कारण तिच्यात वाण, बियाण्याचा स्रोत आणि त्याविषयीचे ज्ञान यांना जागा आहे.

संरक्षणाचा प्रश्न याहून अवघड आहे. माणसाच्या वहिवाटीतून घडलेल्या भूप्रदेशांसाठी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने ‘संरक्षित भूदृश्य’ हा पाचवा वर्ग मानला आहे. भारतात मात्र अभयारण्याची चौकट प्रामुख्याने वन्यजीवांसाठी आहे: दौंडलगतच्या बारामती तालुक्यात, सुपे येथे 1997 मध्ये घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचे असून त्यात चिंकाऱ्यांचा गवताळ माळ राखला जातो, भोवतालची पेरती शेते नव्हेत. शिरूरमधील मोराची चिंचोली येथे शेतशिवारातच मोर नांदतात, आणि तो सांभाळ गावकऱ्यांच्या वागणुकीतून झालेला आहे.

पिकांना तर कुंपण घालून राखताच येत नाही, कारण बियाणे ठरावीक काळाने पेरून ताजे केले नाही तर त्याची उगवणशक्ती जाते. त्यामुळे नकाशा दर हंगामाला नवा करणे आणि कोणत्या वाणाचे बी कोणत्या वाडीत उपलब्ध आहे, हे धारकाच्या संमतीने पेरणीपूर्वी ग्रामसभेत सांगणे, ही त्याची खरी कसोटी होय. आपले बियाणे राखण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि शेतकरी वाण म्हणून त्याची नोंदणी करण्याचा हक्क 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने दिलेला आहे. त्या हक्काला आवश्यक असलेला पुरावा गावाने केलेल्या अशा नोंदींतूनच उभा राहू शकतो.