फायलीतली चांदणी

लिव्हरच्या वॉर्डात राउंड सुरू होण्याआधी सिस्टर एक काम न चुकता करतात. पेशंटच्या हातात पेन देतात आणि म्हणतात, "काका, एक चांदणी काढा बरं." पाच टोकांची, शाळेच्या वहीत काढायचो तशी. खाली सही आणि तारीख. कागद फायलीला लागतो. नवख्या नातेवाइकांना वाटतं, पेशंटचं मन रमवणं चाललंय. प्रत्यक्षात ती त्या दिवसाची पहिली तपासणी असते.

मी नागपुरात लिव्हरचे पेशंट पाहतो. चंद्रपूर, गडचिरोलीपासून बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतची माणसं इथं येतात. त्यातल्या अनेकांच्या लिव्हरला हेपॅटायटिस सीनं वीस-पंचवीस वर्षं आतल्या आत पोखरलेलं असतं. पुढचे किस्से त्यांचे आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील तेवढे बदलले आहेत.

पहिला किस्सा एका किराणा दुकानदाराचा. बायको सांगत होती, "हे रात्रभर जागून राहिले अन् दिवसभर झोपून राहिले, साहेब. दुकानाच्या वहीत बेरजा चुकून राहिल्या." घरच्यांना वाटलं, उधारीचं टेन्शन असेल. कुणीतरी झोपेची गोळी आणून दिली. त्यात पाच दिवस पोट साफ नव्हतं.

मी त्यांना दोन्ही हात पुढे करून मनगटं उचलायला सांगितली, चौकात पोलीस गाडी थांबवतो तशी. तळवे पाखराच्या पंखांसारखे फडफडले. चांदणी काढायला दिली, तर पाच रेघा पाच दिशांना गेल्या. आतड्यात तयार होणारा अमोनिया निरोगी लिव्हर गाळून टाकतं. व्रणांनी घट्ट झालेल्या लिव्हरला ते जमत नाही आणि तो थेट मेंदूवर जातो. बद्धकोष्ठानं त्यात भर पडली आणि झोपेच्या गोळीनं मेंदू आणखी सुस्तावला.

गोळी बंद केली. लॅक्टुलोजचं गोड सिरप सुरू केलं, रोज दोन-तीनदा पोट साफ होईल एवढं. चौथ्या दिवशी चांदणीची टोकं जुळली. त्यांनी सही केली, मान वर करून विचारलं, "दुकानात कोण बसून राहिलं?" बायको तोंडाला पदर लावून बाहेर गेली. आजार पहिल्यांदा ओळखला होता तिनंच. आम्ही फक्त त्याला नाव दिलं.

दुसरा किस्सा रात्री दोनचा. एका निवृत्त मास्तरांना रक्ताची उलटी झाली. मुलानं सांगितलं, तीन दिवस संडास डांबरासारखी काळी होती. लोहाच्या गोळ्या चालू होत्या म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. लिव्हर घट्ट झालं की त्यातून जाणारं रक्त अडतं, मागे तुंबतं आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्यातलीच एक फुटली होती.

एंडोस्कोपीच्या खोलीत काय होतं, हे बाहेर थांबलेल्यांना कधी दिसत नाही. नळीच्या टोकाला छोटी पारदर्शक टोपी असते. फुगलेली शीर तिच्यात ओढून घ्यायची. ती पुरती आत आली की समोरचा पडदा लालभडक होतो, दुसरं काही दिसत नाही. नेमक्या त्या क्षणी रबराची चकती सोडायची. त्या लालीत हात थरथरू द्यायचा नसतो. त्या रात्री पाच चकत्या लागल्या आणि रक्ताच्या चार पिशव्या.

मास्तरांना हेपॅटायटिस सीचा विषाणू मिळाला होता तोही रक्तातूनच, १९९४ मधल्या अपघातानंतर. विषाणूचा शोध लागला १९८९ मध्ये. त्या कामाला २०२० चं नोबेल मिळालं. आपल्या रक्तपेढ्यांत त्याची चाचणी बंधनकारक झाली २००१ च्या सुमारास. त्याआधी रक्त घेतलेले, काचेच्या त्याच त्या सिरिंजनं इंजेक्शन घेतलेले कितीतरी जण आज साठीत आहेत. आणि रक्ताची काळजी अजून संपलेली नाही. २०२२ मध्ये नागपुरातल्या थॅलेसेमियाच्या चार मुलांना रक्तातून एचआयव्हीची लागण झाल्याचं प्रकरण साऱ्या देशानं वाचलं.

तिसरा किस्सा मला सगळ्यात जास्त बोचतो. एक आजी. बाळंतपणात रक्त चढवलेलं, पुढे सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी घट्ट झालेलं लिव्हर. पूर्वी हेपॅटायटिस सीवर आठवड्याला इंटरफेरॉनचं इंजेक्शन असे. ताप आणि उदासी सोसूनही निम्म्यांना गुण येत नसे. मग सोफोसबुविर हे औषध आलं. अमेरिकेत १२ आठवड्यांचा खर्च ८४ हजार डॉलर होता. २०१५ पासून भारतीय कंपन्यांनी ते स्वस्तात बनवलं आणि २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळू लागलं. शंभरातले नव्वदहून अधिक पेशंट बरे होतात.

आजीही बऱ्या झाल्या. संत्रा बर्फीचा डबा घेऊन आल्या. निगेटिव्ह रिपोर्ट देवघरात ठेवला म्हणाल्या. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, असं मी कागदावर लिहिलं होतं. पण का करायची, ते बसून समजावलं नव्हतं. त्या दोन वर्षं आल्या नाहीत. शेवटी सून जबरदस्तीनं घेऊन आली, तेव्हा लिव्हरमध्ये दोन सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ होती. लहान होती म्हणून सुईनं जाळता आली. विषाणू गेला तरी व्रण राहतात आणि कॅन्सरचा धोका त्या व्रणांत असतो. हे वाक्य आता मी प्रत्येक पेशंटला दोनदा सांगतो आणि त्यांच्याकडून वदवून घेतो.

२०१८ पासून नागपुरातच लिव्हर प्रत्यारोपण होऊ लागलं आहे. त्याआधी इथल्या दात्याचं लिव्हर पुण्या-मुंबईला पाठवावं लागे. पण दाते थोडे आणि रांग लांब. बहुतेकांना त्या रांगेपासून वाचवता येतं.

म्हणून एवढं करा. २००१ च्या आधी रक्त घेतलं असेल, तर हेपॅटायटिस सीची चाचणी एकदा करून घ्या. सिरॉसिस असेल, तर विषाणू गेल्यावरही सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नका. दारू नको, मनानं घेतलेली दुखण्याची गोळी नको. पोट फुगू लागलं, संडास काळी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. आणि घरी एक वही ठेवा. रोज पेशंटला एक चांदणी काढायला सांगा, खाली सही घ्या. ज्या दिवशी टोकं जुळणार नाहीत, त्याच दिवशी दवाखान्यात या.